बेरीज आणि समूह : अतिसंवाहकतेच्या इतिहासाचा बोध

मुळशीचे धरण १९२७ साली कामास लागले. मुळा आणि निळा ह्या नद्यांच्या खोऱ्यातले पाणी नैसर्गिक उताराने उगवतीकडे, म्हणजे पुण्याकडे, जावयाचे. ते अडवून बोगद्याने सह्याद्रीच्या पोटातून मावळतीकडे वळवण्यात आले. सुमारे पाचशे मीटर खाली, कोकणात, भिरा हे गाव आहे. तेथे ते पाणी नळांतून कोसळते, चक्रे फिरवते आणि त्याची वीज होऊन ती मुंबईकडे जाते. खोपोली १९१५ साली, भिवपुरी १९२२ साली आणि भिरा १९२७ साली, अशी ही तीन वीजकेंद्रे एकामागून एक उभी राहिली आणि मुंबईच्या गिरण्यांना व आगगाड्यांना त्यांचे बळ मिळाले.

तारेतून वीज वाहते तेव्हा तिचा काही हिस्सा वाटेतच उष्णतेच्या रूपाने वाया जातो, हे कोणत्याही वायरमनला ठाऊक असते. तार तांब्याची घ्या की ॲल्युमिनियमची, रोध हा असावयाचाच. रोध मुळीच नसलेली तार असू शकेल काय, असा प्रश्न कोणी विचारला असता तर तो पोरकट ठरला असता. परंतु १९११ साली ह्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आले. आणि ते उत्तर खरे का, हे उमगावयास जगातील पहिल्या प्रतीच्या शास्त्रज्ञांना ४६ वर्षे लागली. इतकी वर्षे का लागली, हा ह्या निबंधाचा विषय आहे. शेवटी आपणांस मुळशीच्या खोऱ्यात परत यावयाचे आहे. कारण शास्त्रज्ञांचा जो हिशेब धातूच्या बाबतीत अपुरा पडला, तशाच प्रकारचा हिशेब ह्या खोऱ्यातील गावांच्या बाबतीतही मांडला गेला होता.

आम्ही पदार्थविज्ञानाचे पदवीधर नव्हे. कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेले, आणि जे वाचन झाले ते सभा-बैठकांतून उरलेल्या वेळात झाले. परंतु एकेकटा माणूस आणि एकत्र आलेला समूह ह्यांत नेमका फरक काय, हा तर आमच्या रोजच्या कामाचा प्रश्न. शास्त्रज्ञांनीही हाच प्रश्न निर्जीव धातूला विचारला आणि त्याचे काटेकोर उत्तर मिळवले, हे कळल्यापासून त्या इतिहासाची आम्हांस गोडी लागली.

आरंभी साध्या पाण्याचेच उदाहरण घेऊ. अठरा ग्रॅम पाणी म्हणजे चहाचे चार चमचेही भरत नाहीत. पण तेवढ्यात ६ ह्या आकड्यावर २३ शून्ये मांडावीत इतके रेणू असतात. हे पाणी शून्य अंशावर गोठते. आता हा गोठणबिंदू त्यांतील कोणत्या रेणूचा? एका रेणूला गोठणबिंदू नसतो. एकटा रेणू द्रवही नसतो आणि घनही नसतो. ओलेपणा, वाहणे, गोठणे हे सारे गुण असंख्य रेणू एकमेकांशी बांधले गेल्यावर प्रकट होतात. अशा गुणांना शास्त्रज्ञ उद्भूत गुणधर्म म्हणतात. आपण सोयीसाठी 'समूहगुण' म्हणू. पाण्याचे उदाहरण इतके नित्याचे आहे की त्यातले नवल आपणांस जाणवत नाही. ते जाणवावयास पाऱ्याची गोष्ट ऐकली पाहिजे.

हॉलंडमधील लायडन विद्यापीठात हाइके कामरलिंग ओन्नेस ह्या प्राध्यापकांनी १० जुलै १९०८ रोजी हेलियम वायूचा प्रथमच द्रव केला. शून्याखाली सुमारे २६९ अंश इतकी थंडी त्यामुळे माणसाच्या हाती आली. हे एकट्याचे काम नव्हते. ओन्नेस ह्यांनी प्रयोगशाळेला जोडून उपकरणे बनवणाऱ्या आणि काच फुंकणाऱ्या कारागिरांची शाळाच काढली होती. तेथली उमेदवार मुले निळे डगले घालीत, म्हणून 'निळी पोरे' ह्याच नावाने ती ओळखली जात. थंडी निर्माण करणाऱ्या यंत्रांची सारी व्यवस्था खेरिट यान फ्लिम हा कारागीर पाहत असे. १९११ च्या एप्रिलात शुद्ध पारा ह्या थंडीत ठेवून त्याचा रोध मोजण्यात आला. मोजणारा होता गिलेस होल्स्ट हा तरुण साहाय्यक. हेलियमच्या उत्कलनबिंदूच्या आसपास, निरपेक्ष शून्याच्या वर ४.२ अंशांवर, पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. हळूहळू कमी होत गेला असे नाही. एका ठराविक अंशाशी तो तुटूनच पडला. शोधाचा निबंध एकट्या ओन्नेस ह्यांच्या नावे प्रसिद्ध झाला आणि १९१३ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. प्राध्यापकांची थोरवी आम्हांस मान्य आहे. पण फ्लिम आणि होल्स्ट ही नावेही इतिहास सांगताना उच्चारली पाहिजेत.

ह्या घटनेला अतिसंवाहकता असे नाव आहे. शिसे, कथील ह्या धातूंतही ती पुढे आढळली. शिशाच्या थंड कड्यात वीज एकदा खेळती केली की ती बाहेरून काही न पुरवता तशीच फिरत राहते. आज रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांत जो बलाढ्य चुंबक असतो, तो ह्याच गुणावर चालतो. गंमत अशी की चांदी आणि तांबे हे विजेचे उत्तम वाहक. पण त्यांत हा गुण आढळत नाही. पारा आणि शिसे हे त्या मानाने सामान्य वाहक, आणि त्यांच्यात मात्र तो आहे. बेरजेच्या बुद्धीला हे कोडेच होते.

त्यानंतर थोडक्याच वर्षांत, १९२५ ते १९२७ च्या सुमारास, पुंजयांत्रिकी हे नवे शास्त्र उभे राहिले. इलेक्ट्रॉन हा विजेचा कण कोणत्या नियमाने वागतो ते आता समीकरणात लिहिता येऊ लागले. पॉल डिरॅक ह्यांनी १९२९ साली असा अभिप्राय दिला की, पदार्थविज्ञानाच्या मोठ्या भागाला आणि साऱ्या रसायनशास्त्राला लागणारे मूळ नियम आता पूर्णपणे हाती आले आहेत. अडचण एवढीच की ती समीकरणे सोडवणे फार अवघड आहे. मूळ नियम हाती आले, तर मग पाऱ्याचे कोडेही चुटकीसरशी सुटावयास हवे होते. प्रत्यक्षात काय झाले? आइन्स्टाइन ह्यांनी १९२२ सालीच एक कल्पना मांडून पाहिली होती. ती टिकली नाही. पुढे बोर, हायझेनबर्ग, लांडाऊ, फाइनमन अशा एकाहून एक बुद्धिमंतांनी हात घातला आणि यश कोणालाच आले नाही. अतिसंवाहकतेची कोणतीही उपपत्ती खोटी पाडता येते हाच एक सिद्धांत खरा, असे फेलिक्स ब्लॉख विनोदाने म्हणत.

ह्या अपयशाचे कारण बुद्धीचा तोकडेपणा खासच नव्हे. एक इलेक्ट्रॉन पुरता समजून घ्यावा आणि मग त्याला अब्जावधींनी गुणावे, ही जी सहज सुचणारी रीत, तीच येथे लागू पडत नव्हती. रोध नाहीसा होणे हा एका इलेक्ट्रॉनच्या अंगी असलेला गुणच नव्हे. मग एकट्याला कितीही निरखले तरी तो दिसावा कोठून?

कोडे सुटले ते प्रयोगशाळेतून आलेल्या खुणांमुळे. १९३३ साली माइस्नर आणि ऑक्सेनफेल्ट ह्यांनी दाखवले की अतिसंवाहक झालेला धातू आपल्या पोटातील चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलून देतो. म्हणजे ही पदार्थाची एक निराळीच अवस्था आहे, जसे पाण्याचे बर्फ. १९५० साली दिसून आले की पाऱ्याचेच अणू जरा जड प्रकारचे घेतले तर रोध जाण्याचा अंश थोडा खाली उतरतो. वीज वाहून नेतात ते इलेक्ट्रॉन. पण अणूंच्या वजनाचा परिणाम होतो, त्याअर्थी जागच्या जागी थरथरणाऱ्या अणूंचाही ह्या व्यवहारात हात असला पाहिजे.

१९५७ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर ह्या तिघांनी पूर्ण उपपत्ती दिली. तिचे सार असे : इलेक्ट्रॉन धातूतून जाताना आसपासच्या अणूंना किंचित आपल्याकडे ओढतो. तो पुढे निघून जातो, पण अणू जागेवर यावयास वेळ लागतो. तेवढ्या अवधीत तेथे जो धन विद्युतभार साठतो त्याकडे दुसरा इलेक्ट्रॉन खेचला जातो. एरवी परस्परांना दूर लोटणाऱ्या दोन इलेक्ट्रॉनांची अशी जोडी जमते. ही जोडी लांबरुंद असते. एका जोडीच्या व्यापात लाखो इतर जोड्या गुंतलेल्या असतात. त्यामुळे सगळ्या जोड्या एकाच तालात चालू लागतात. गर्दीतल्या एकट्या माणसाला धक्का द्या, तो सहज बाजूला होईल. टाळमृदंगाच्या ठेक्यावर पाऊल टाकीत निघालेल्या दिंडीत ते तितके सोपे नाही. थंडीत अणूंची धडपड इतकी मंदावलेली असते की एकही जोडी फोडण्याएवढा धक्का तिच्यात उरत नाही. म्हणून रोध नाही. आणि तांब्याचांदीचे कोडेही येथेच सुटते. अणूंची जी थरथर उबेत इलेक्ट्रॉनांना अडखळवते, तीच थंडीत त्यांना जोडते. चांदीत ती अडवण्यात दुबळी, म्हणून जोडण्यातही दुबळी. ह्या तिघांस १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच १९७२ च्या ऑगस्टमध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकात फिलिप अँडरसन ह्यांचा एक छोटा लेख आला. 'अधिक म्हणजे वेगळे' असा त्याच्या मथळ्याचा अर्थ. अँडरसन स्वतः घनपदार्थांचे अभ्यासक. १९७७ साली त्यांनाही नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे मोठे समतोल होते. सर्व वस्तू त्याच मूळ कणांच्या बनलेल्या आहेत आणि मूळ नियम सर्वांना सारखेच लागू आहेत, हे ते निःशंकपणे मान्य करतात. पण वस्तूचे पृथक्करण करून मूळ नियमापर्यंत उतरता येते, म्हणून त्या नियमापासून आरंभ करून पुन्हा जग उभारता येईलच असे नाही. संख्या वाढली, गुंतागुंत वाढली, की प्रत्येक पायरीवर नवे गुण येतात आणि त्यांच्यासाठी नव्या कल्पना लागतात. त्या शोधून काढण्याचे काम मूळ कणांच्या शोधाइतकेच मूलभूत आहे. परिमाणातील फरक पुढे गुणातील फरक होतो हे मार्क्सचे म्हणणे त्यांनी लेखाच्या अखेरीस आठवले आहे. आमच्यासारख्याला ते वाचून बरे वाटले. पण अधिक बरे वाटले ते ह्याचे की तेथे ते घोषणा म्हणून आलेले नाही, धातूंच्या आणि स्फटिकांच्या हिशेबातून आलेले आहे.

हा वाद नुसता तत्त्वाचा राहिला नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यात सुमारे ८७ किलोमीटर परिघाचे एक प्रचंड यंत्र मूळ कणांच्या संशोधनासाठी बांधावयास घेतले होते. मूळ कणांचे शास्त्र तेवढे मूलभूत आणि बाकीचे त्याचे उपयोजन, ह्या दाव्याला अँडरसन ह्यांनी तेथील लोकप्रतिनिधींपुढे साक्ष देऊन हरकत घेतली. सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाल्यावर १९९३ साली ती योजना रद्द झाली. त्यास मुख्यतः वाढता खर्च कारण झाला. त्या यंत्राचे चुंबकही अतिसंवाहक तारांचेच व्हावयाचे होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. वरच्या मजल्याला खालच्या मजल्याची गरज लागतेच.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली होमी भाभा ह्यांच्या पुढाकाराने आणि सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने स्थापन झाली. मुळशीचे धरण ज्या नावाशी जोडलेले आहे तेच हे नाव. ह्या संस्थेत आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आणि त्यांचे सहकारी यट्रियम, निकेल आणि बोरॉन ह्यांची मिश्रणे तपासत असताना त्यांना अतिसंवाहकतेची पुसट खूण दिसली. थोडा कार्बन मिसळल्यावर ती ठळक झाली. निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे १२ अंशांवर रोध नाहीसा होत होता. निकेल हा चुंबकीय धातू आणि चुंबकत्व हे अतिसंवाहकतेचे वैरी, ही रूढ समजूत. म्हणून १९९४ साली जाहीर झालेल्या ह्या शोधाने जगातील प्रयोगशाळांचे लक्ष वेधले.

त्याच संस्थेत २०१६ साली एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी शुद्ध बिस्मथच्या स्फटिकात अतिसंवाहकता दाखवली. त्यासाठी त्यांना एका अंशाच्या जवळजवळ दोन हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे ०.०००५३ अंशापर्यंत, उतरावे लागले. बिस्मथमध्ये सुमारे लाख अणूंमागे एक इलेक्ट्रॉन मोकळा असतो. इतक्या विरळ वस्तीत जोड्या कशा जमाव्यात, हे १९५७ च्या उपपत्तीने नीट सांगता येत नाही. १९८६ साली स्वित्झर्लंडमध्ये बेडनॉर्ट्स आणि म्युलर ह्यांनी तांब्याच्या ऑक्साइडांत, म्हणजे एक प्रकारच्या चिनी मातीसारख्या पदार्थांत, जी अतिसंवाहकता शोधली, तिचीही सर्वमान्य उपपत्ती आजवर झालेली नाही. इलेक्ट्रॉनचे समीकरण तेच आहे, त्यात एका अक्षराचाही बदल नाही. पण समूह बदलला की प्रश्न नवा होतो.

कोणी म्हणेल, ही अडचण समीकरण अवघड असल्याची आहे. नियम सोपा असता तर समूहही आपोआप समजला असता. ह्यास उत्तर म्हणून दीपक धर ह्यांचे काम सांगता येईल. त्यांनी ते मुंबईच्या ह्याच संस्थेत केले. पुढे ते पुण्याच्या पाषाण येथील आयसर संस्थेत आले. विषय वाळूच्या ढिगाचा. पट मांडावा, त्याच्या घरांत एकेक कण टाकीत जावे, एखाद्या घरात चार कण झाले की चार शेजाऱ्यांना एकेक द्यावा, कडेचे कण बाहेर पडू द्यावेत; नियम एवढाच. पोरांच्या खेळाइतका सोपा. तरी अशा ढिगात लहानमोठ्या सर्व आकारांच्या दरडी कोसळतात, आणि पुढचा कण किती मोठी दरड आणील हे त्या कणाकडे पाहून सांगता येत नाही. १९८७ साली मांडल्या गेलेल्या ह्या प्रतिकृतीत कोणते घर आधी ढासळते ह्याने अंतिम स्थिती बदलत नाही, हे धर ह्यांनी १९९० साली सिद्ध केले आणि तिचे गणित उलगडले. २०२२ साली त्यांना बोल्ट्झमन पदक मिळाले. ते मिळवणारे ते पहिले भारतीय. नियम पूर्ण माहीत होता. समूहाचे शास्त्र तरी निराळे शोधावेच लागले.

इतका प्रवास करून आता मुळशीस परत येऊ. धरणासाठी जमिनी घेतल्या गेल्या त्या १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याने. त्या कायद्याचा हिशेब सरळ बेरजेचा होता : जमिनीचा बाजारभाव, त्यात झाडांची, पिकांची, घरांची किंमत, आणि सक्तीने घेतली म्हणून बाजारभावावर शेकडा १५. ज्याचे नाव कागदावर, त्याच्या हाती पैसा. मुळशीतल्या कित्येक जमिनी सावकारांकडे अडकलेल्या होत्या; कसणारा मावळा एक आणि पैसे घेणारा दुसरा, असे झाले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. बापटांना 'सेनापती' ही पदवी ह्याच लढ्याने दिली. १९२४ च्या अखेरीस बापट पकडले जाऊन त्यांस दीर्घ शिक्षा झाली, लढा मोडला आणि पन्नासावर गावांचे खोरे पाण्याखाली जावयाचे ते गेलेच.

एकराची किंमत कमी धरली की रास्त, ह्यावर वाद होऊ शकेल. आमचा मुद्दा त्याहून निराळा आहे. लावणीच्या दिवसांत एकमेकांच्या खाचरांत राबण्याची जी इर्जिक, ती कोणत्या एकराच्या किमतीत धरावयाची? सुताराचे, लोहाराचे, चांभाराचे बलुते कोणाच्या नावावर लावावयाचे? ज्याच्याजवळ जमीनच नव्हती, पण ज्याचे पोट गावावर होते, त्याचा आकडा काय? प्रत्येक एकराचा मोबदला पैन् पै चुकता केला, तरी गाव त्या बेरजेत येत नाही. चार कुटुंबे एका गावी आणि सहा दुसऱ्या गावी नेऊन ठेवली म्हणजे माणसे तीच राहतात. पण त्यांच्यात जो व्यवहार होता तो वितळून जातो. पुढे २०१३ साली नवा कायदा झाला. त्यात प्रथमच कूळ, शेतमजूर, कारागीर ह्यांना बाधित म्हणून स्थान मिळाले आणि प्रकल्पाच्या सामाजिक परिणामांची पाहणी आवश्यक ठरली. त्या कायद्याचा अंमल कसा होतो हा वेगळा विषय आहे. तत्त्व तरी कागदावर आले.

येथे एक सावधगिरी सांगणे आमचे कर्तव्य आहे. धातू आणि गाव ह्यांत साम्य दिसले म्हणून धातूच्या नियमाने गावाचे काही सिद्ध होत नाही. बार्डीन-कूपर-श्रीफर ह्यांच्या गणितातून मुळशीचा न्याय निघत नाही; तो माणसांनीच करावयाचा असतो. दुसरे असे की इलेक्ट्रॉनला मत नसते, माणसाला असते. समूह थोर आहे म्हणून एकट्याने गप्प बसावे, असा अर्थ कोणी समूहगुणांतून काढू लागला तर तो शास्त्राचा गैरवापर होय. संघटनेत काम करताना हा मोह कसा होतो हे आम्ही जवळून पाहिले आहे. इलेक्ट्रॉनांना एका तालात आणावयास थंडी पुरते. माणसांना पटवावे लागते, आणि एखाद्याला पटले नाही तर त्याचे ऐकावेही लागते.

मग ह्या इतिहासापासून घ्यावयाचे काय? एवढेच, की पुरती मोजणी झाली म्हणजे पुरते ज्ञान झाले, हे गृहीत धरण्याचा अधिकार पदार्थविज्ञानानेही सोडला आहे. जे शास्त्र मोजणीत सर्वांत पुढे, त्याने निर्जीव पाऱ्यापुढे ही नम्रता शिकून घेतली. तेव्हा धरणाचा, कारखान्याचा किंवा वसाहतीचा हिशेब मांडणाऱ्याने एकर मोजावेत, डोकी मोजावीत, कामाचे तासही मोजावेत. परंतु मोजून झाल्यावर, ज्यांना मोजले त्यांचे आपसांत काय चालले होते हेही विचारावे. पाऱ्याच्या बाबतीत त्या प्रश्नाचे उत्तर यावयास ४६ वर्षे लागली. भूमिसंपादनाच्या कायद्याला तो प्रश्न विचारावयासच ११९ वर्षे लागली; आणि तोपर्यंत मुळशीची खाचरे पाण्याखाली जाऊन ८६ वर्षे झाली होती.